डेंटिन व दंतपूरण यांमधील बंध : स्वरूप, दौर्बल्य आणि उपाय

किडलेला भाग काढून दात भरणे हे दंतवैद्यकातील नित्याचे काम असले, तरी भरलेले द्रव्य दाताला धरून कसे राहते, हा प्रश्न साधा नाही. पारामिश्रित अमाल्गम दाताला स्वतःहून चिकटत नाही. तळाकडे रुंदावणाऱ्या पोकळीत ते अडकून राहते आणि त्यासाठी निरोगी भागही कोरावा लागतो. पाऱ्यासंबंधीच्या २०१३ च्या मिनामाता करारात अमाल्गमचा वापर घटविणे अभिप्रेत असून भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. साहजिकच राळयुक्त कॉम्पोझिटवरील भिस्त वाढत असून त्याच्या बंधाचा टिकाऊपणा महत्त्वाचा ठरतो.

फॉस्फोरिक आम्लाने खरबरीत केलेल्या एनॅमलवर राळ घट्ट बसते, हे बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखविले. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. डेंटिनमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के. उर्वरित भाग मुख्यतः कोलॅजेन व पाणी. शिवाय त्यातील सूक्ष्म नलिकांतून द्रव पाझरतो. आम्लाने खनिज विरघळले की कोलॅजेनचे जाळे उघडे पडते. त्यात राळ शिरून कठीण झाल्यावर जो संमिश्र थर बनतो, त्याचे वर्णन नाकाबायाशी व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केले.

हवेच्या झोताने डेंटिन कोरडेठाक केल्यास हे जाळे कोसळते व राळेची वाट बंद होते. देवरूख परिसरात जांभ्याच्या भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी पाणी मारतो, ते येथे आठवावे. अर्थात कारणे भिन्न आहेत. जांभ्याची छिद्रे वाळून मिटत नाहीत, कोरडा चिरा गिलाव्यातील पाणी ओढून घेतो. साम्य बेताच्या ओलाव्यापुरतेच. डेंटिनवर पाणी साचले तरी राळ विरळ होऊन बंध बिघडतो.

खरी अडचण पुढे उद्भवते. राळ जाळ्याच्या तळापर्यंत पोहोचली नाही, तर उघड्या राहिलेल्या कोलॅजेनचे डेंटिनमधीलच विकरे विघटन करतात. पाण्यामुळे राळही झिजते. विकरांना आवर घालण्यासाठी आम्लप्रक्रियेनंतर २ टक्के क्लोरहेक्सिडीन लावतात. प्रयोगशाळेत त्याचा लाभ दिसतो, प्रत्यक्ष रुग्णांत तो तितका निर्विवाद नाही. एमडीपी हा घटक असलेली सौम्य आम्लयुक्त बंधके अधिक आश्वासक वाटतात, कारण ती कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतात आणि डेंटिनवर वेगळे आम्ल लावावे लागत नाही. एनॅमलच्या कडांवर मात्र ते लावणे हितावह. बंधक काही सेकंद चोळणे, त्यातील द्रावक हवेने उडविणे आणि रबर डॅमने लाळ दूर ठेवणे या पायऱ्या घाईत गाळल्या, तर महागडे बंधकही निरुपयोगी ठरते.