लोकारोग्य-सेवकाचे शिक्षण : मलकापूर परिसराच्या निमित्ताने

कराडला लागून पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले मलकापूर आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकाला दोन कारणांनी परिचित असते. येथील कृष्णा रुग्णालयाच्या पाठोपाठ 1984 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि 2005 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखा आज एकाच आवारात शिकविल्या जातात. दुसरे कारण पाण्याचे. मीटर बसवून सर्व गावाला चोवीस तास नळाने पाणी देण्याची मलकापूरची योजना देशभर दाखल्यादाखल सांगितली गेली आहे. रोगचिकित्सा आणि रोगनिवारण ही आरोग्याची दोन अंगे एवढ्या लहान जागेत एकत्र पाहावयास मिळणे विरळाच. परंतु येथून पश्चिमेस पाटण तालुक्याच्या डोंगरांत शिरले की वाड्यावस्त्या विखुरलेल्या, पावसाळ्यात वाट निसरडी, आणि रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी बाळंतिणीच्या उंबरठ्यापासून दूरच. ह्या दोन टोकांमधील अंतर जी व्यक्ती रोज पायी तोडते तिला काय शिकवावे, किती शिकवावे आणि कोणी शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न नवा नाही. 1946 च्या भोर समितीने भावी वैद्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे असे सुचविले, त्यामागे 'सामाजिक वैद्य' घडविण्याची कल्पना होती. समितीचा भर अर्थातच पदवीधर वैद्यावर होता. गावातील माणसालाच आरोग्याचे काम शिकविण्याची राष्ट्रीय योजना 2 ऑक्टोबर 1977 रोजी आली. दर हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, आणि पुढे दरमहा पन्नास रुपये मानधन, अशी तिची रचना होती. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. माता-बालकांचे आरोग्य हे ज्या कामाचे हृदय, ते काम घरात मोकळेपणाने प्रवेश नसलेल्या माणसाकडे सोपविण्यात आले. ही चूक अभ्यासक्रमातली नसून निवडीतली होती, आणि निवड चुकली की पुढील प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी व्यर्थ जाते.

वस्तुतः ह्याचे उत्तर महाराष्ट्रात तोपर्यंत सापडलेले होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी 1970 मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले तेव्हा प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो प्रयोग फारसा साधला नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीवर गावाचा भरवसा बसेना. तेव्हा गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडून द्याव्यात असे ठरले. त्यांत निरक्षर स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नसे अशा जातींतल्याही होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, आठवड्यात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. येथे अभ्यासक्रम संपत नाही. तो कामाबरोबर चालत राहतो. शिवाय जातिभेदाच्या भिंती ओलांडून एकत्र जेवणे-राहणे हाही त्या शिक्षणाचाच भाग होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तके बहुधा एका ओळीत उरकतात. आरोळे दांपत्यास 1979 मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला होता.

अक्षरज्ञान कमी असेल तर शास्त्र शिकविता येत नाही, ह्या समजुतीस गडचिरोलीने दिलेले उत्तर अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. बालकाचा न्युमोनिया ओळखण्याची ग्राह्य खूण म्हणजे मिनिटास श्वासांची संख्या. दोन महिन्यांच्या आतील अर्भकात ती साठ किंवा अधिक असल्यास धोका मानतात. परंतु दहा-बाराच्या पुढे मोजता न येणाऱ्या सुईणीने साठ कसे मोजावे? डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी ह्यांचे साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर तो न्युमोनिया. शास्त्रीय कसोटी तसूभरही ढिली केली नाही, केवळ ती शिकणाराच्या हाताला येईल अशी केली. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही ह्या साधनाचा अभ्यास करावा इतके ते मोलाचे आहे.

ह्याच संस्थेने पुढे 39 गावांत थोडे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यात जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून इंजेक्शन देणेही होते, आणि ह्यावर वैद्यकवर्गातून आक्षेप येणे स्वाभाविक होते. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तिसऱ्या वर्षी ह्या गावांतील नवजात-मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटलेला होता. तथापि ह्या यशाचे श्रेय केवळ वर्गातील पाठांना देणे योग्य नव्हे. नियमित देखरेख, प्रत्येक भेटीची नोंद आणि चूक झाली तर ती लगेच दाखवून देणारी व्यक्ती, ही त्या प्रशिक्षणाची खरी यंत्रणा होती.

2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' ही स्वयंसेविका आणली. महाराष्ट्रात ती प्रथम आदिवासी भागांत व नंतर इतरत्र नेमली गेली. पहिल्या वर्षात पाच टप्प्यांत मिळून 23 दिवसांचे प्रशिक्षण, हा तिचा मूळ आराखडा. घरी जाऊन नवजात बालक पाहण्याची कौशल्ये पुढील पाठ्यपुस्तिकांतून आली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकास ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 ह्या दिवशी भेटते. ह्या भेटींचे मूळ गडचिरोलीत आहे, हे उघड आहे. मात्र तेथील उपक्रमाचा आकार उचलला जातो तेवढ्या सहजतेने त्याची देखरेख उचलली जात नाही. गटप्रवर्तकाकडे अनेक गावे आणि अनेक तक्ते असतात. तिची भेट शिकविण्याची न राहता मोजदादीची होऊन बसते.

ह्याच वेळी कामाची व्याप्ती वाढत गेली. तिशीवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह इत्यादींच्या दृष्टीने प्राथमिक गुणपत्रिका भरणे हे आता आशेचेच काम झाले आहे. 2018 नंतर उपकेंद्राच्या पातळीवर सामुदायिक आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद वा परिचर्येच्या पदवीधरास सहा महिन्यांचा सेतु-अभ्यासक्रम पुरा करून ते मिळते. पदवीधर तरुणास लोकारोग्यात उपजीविकेचा हा एक निश्चित मार्ग झाला, हे स्वागतार्हच. पण त्या पदवीधराला ज्या वाडीची भाषा, भाऊबंदकी, कोणाचा मुलगा मुंबईस आहे आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे ठाऊक नसते, ते त्याच्या हाताखालील आशेला ठाऊक असते. दोघांना एकत्र बसवून शिकविणारा अभ्यासक्रम असावा, असे ह्यातून ओघानेच निघते.

मनःस्वास्थ्याच्या क्षेत्रात गोव्यातील एक प्रयोग ह्या संदर्भात उद्बोधक आहे. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिने शिकवून खिन्नता व चिंता ह्यांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी समुपदेशक केले गेले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील रुग्णांना स्पष्ट लाभ दिसला, खाजगी दवाखान्यांत तो तसा दिसला नाही. म्हणजे तेच शिक्षण घेतलेला माणूस निराळ्या व्यवस्थेत निराळे फळ देतो. प्रशिक्षणाची गुणवत्ता केवळ परीक्षेतील गुणांवरून ठरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

राहता राहिला प्रश्न जीविकेचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. 'स्वयंसेविका' ह्या शब्दामुळे आशेला पगार नव्हे, कामागणिक मोबदला मिळतो. 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केले ते मुख्यतः ह्याच कारणाने. कोणतेही कौशल्य वर्षानुवर्षे शिकवावयाचे, त्याच्यावर बालकांचे प्राण सोपवावयाचे आणि ते बाळगणारीला नोकर मात्र म्हणावयाचे नाही, ह्यातील विसंगती विद्यापीठीय चर्चेत अभावानेच येते. अनुभवी आशेच्या वीस वर्षांच्या कामाला परिचर्येच्या किंवा लोकारोग्याच्या शिक्षणात श्रेयांक मिळावेत काय, मिळाल्यास त्यांची परीक्षा वर्गात घ्यावी की घरभेटीत, हे प्रश्न मलकापूरसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासता येतील. परिचर्या, वैद्यक व सामाजिक वैद्यक ह्यांचे विद्यार्थी तेथे आहेत, आणि पाटणच्या वाड्यांत शिकविण्यासारखे जाणणाऱ्या स्त्रियाही आहेत. विद्यार्थ्याने एका आशेबरोबर पहिल्या वर्षापासून महिन्यातून दोन दिवस फिरावे, तिच्या वहीतील नोंदी समजून घ्याव्यात आणि त्या दिवसांचे गुण तिच्याच सहीने मिळावेत, एवढी तरतूद करावयास नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरेसा आहे.