जुन्या जळगावातला चौधरी वाडा

मुलांनो, जळगाव म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? केळी, वांग्याचं भरीत आणि सराफ बाजारातलं सोनं! पण जुन्या जळगावात एक चौधरी वाडा आहे, तोही आठवायला हवा. या एका घरातून मराठीला दोन कवी मिळाले, आई आणि मुलगा. गंमत म्हणजे आईला लिहिता-वाचता येत नव्हतं!

आई म्हणजे बहिणाबाई चौधरी. माहेर जवळच्याच असोद्याचं. तिथे महाजनांच्या घरी १८८० साली नागपंचमीला त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या चौधरी वाड्यात सून म्हणून आल्या. वयाच्या तिसाव्या वर्षी पती नथूजी वारले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुलं. पहाटे दळण, मग चूल, मग शेत. शाळेची पायरी कधी चढल्याच नाहीत. पण घरोट फिरू लागलं की ओठांतून गाणं सुरू व्हायचं. (घरोट म्हणजे जातं. आमच्या खानदेशात असंच म्हणतात.) सुगरणीचा खोपा, पेरणी, मोट, आखाजीचा सण, जे डोळ्यांसमोर असेल त्याचं गाणं व्हायचं.

आता १९०७ सालची गोष्ट ऐका. त्या वर्षी जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटल्या. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर इतके खूश झाले, की त्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. तेव्हा बहिणाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि याच गावात राहत होत्या. पण संमेलनाला आलेल्या थोरामोठ्यांना कसं कळावं, की जवळच एका घरात अशी गाणी तयार होताहेत? सोपानचा जन्मही त्याच वर्षीचा.

सोपान शाळेत जाऊ लागला. एकदा त्याने पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, आईने रातोरात त्या गोष्टीचं गाणं केलेलं! त्याने ते लिहून घेतलं. मला वाटतं, खरी नवलाची गोष्ट हीच. कितीतरी घरांत आया गात होत्या, मुलं ऐकत होती आणि विसरत होती. सोपान आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी मात्र गाणी कागदावर उतरवून घेतली. जी उतरवायची राहिली, ती गेलीच.

असंच एकदा धुळ्यातही घडलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं.

सोपानदेव पुढे स्वतः नामवंत कवी झाले. आई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेली. नंतर त्यांनी तिची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे भारावून गेले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली, प्रस्तावना अत्र्यांची. पुस्तक आईच्या हाती मात्र पडलं नाही. २०१८ मध्ये तर जळगावच्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. जिने पाटी धरली नाही, तिचं नाव पदवीच्या कागदावर!

आता वाड्यात बहिणाबाईंचं स्मारक आहे. मागे मी माझ्या चौथीच्या मुलांना तिथे घेऊन गेले होते. वर्गात एक मुलगी फारशी बोलायचीच नाही. एकदा ती ‘घरोट’ म्हणाली आणि बाकीचे फिदीफिदी हसले होते. (पालकहो, घरची बोली बोलली म्हणून आपणही मुलांना दटावतो, नाही का?) वाड्यात तिने मला हळूच विचारलं, “बाई, पुस्तकात छापलंय तर मग ते चूक कसं?” मला चटकन उत्तर सुचेना.

दोन दिवसांनी तिने वही आणून दिली. आजीचं आखाजीचं गाणं लिहिलं होतं, आजी म्हणते अगदी तसंच. मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि तिला ते वर्गात म्हणायला लावलं.