गाडी बिघडली, म्हणून हंपी घडली!

मैत्रिणींनो, ‘परत येताना बघू’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? मी तर लग्न झाल्यापासून गेली २५ वर्षं ऐकते आहे!

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं मोटारसायकलनं सोलापूरहून म्हैसूरला निघालो. मुलं मार्गी लागलेली, त्यामुळे दोघांचाच असा हा पहिला प्रवास. वाटेत होस्पेटपासून हंपी अगदी जवळ. पण ह्यांचं वेळापत्रक ठरलेलं. “परत येताना बघू गं!”

होस्पेटच्या अलीकडे गाडी ओढेनाशी झाली. इंजिन नुसतं ओरडायचं आणि जळका वास यायचा. क्लचप्लेटी झिजल्या होत्या. नव्या हुबळीहून येणार, म्हणजे गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार. “निघण्यापूर्वी गाडी दाखवून घ्या,” असं मी घरी चारदा म्हटलं होतं. पाचव्यांदा ते मेकॅनिकसमोरच ऐकवलं. हे गप्प झाले. रात्री जेवतानाही एक शब्द नाही.

सकाळी मीच म्हटलं, “लॉजवर बसून काय करायचं? चला हंपीला.” तेरा-चौदा किलोमीटरचा रस्ता, रिक्षा केली.

हंपी म्हणजे १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगर साम्राज्याची राजधानी. १५६५ च्या लढाईत पराभव झाला, शहर लुटलं गेलं आणि ओस पडलं. विरूपाक्षाच्या देवळात मात्र आजही पूजा चालते. पन्नासच्या नव्या नोटेवरचा दगडी रथ आहे तो विठ्ठलमंदिराच्या आवारात. मी आत हात जोडायला गेले आणि थबकलेच. गाभारा रिकामा! कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा इथं आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे आठवली आणि डोळे भरून आले.

राजवाड्याच्या भागात काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आहे. कुठला दगड कुठे बसवायचा, याच्या खुणा दगडांवर कोरलेल्या आहेत. पण मला खिळवलं ते भोजनशाळेनं. पाण्याच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना दगडी ताटांची रांग, वाट्यांच्या जागी कोरलेले खळगे!

हे वाकून पाहत होते. म्हणाले, “अगं, यात मीठ कुठं वाढायचं?”

कालपासूनचं पहिलं वाक्य! म्हटलं, “आधी पानावर बसा, मग सांगते.” दोघंही हसलो. मग हे हळूच म्हणाले, “गाडी दाखवायला हवी होती, खरंय.” मीही म्हटलं, “आणि मी चारचौघांत बोलायला नको होतं.”

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि सकाळी लवकर निघा. दुपारी दगड तापतात. देवळात अनवाणी फिरायला पायमोजे जवळ ठेवा. मोटारसायकलनं जाणार असाल तर हेल्मेट दोघांनीही घालायचं. ओढणी किंवा पदर घट्ट खोचा, चाकात अडकून जिवावर बेततं. जास्तीची क्लचकेबल, प्लग आणि ट्यूब सोबत हवीच. आणि निघण्यापूर्वी गाडी दाखवून घ्या!

म्हैसूरला आम्ही एक दिवस उशिरा पोचलो. आणि गंमत सांगू? परत आलो ते दुसऱ्याच रस्त्यानं!