चिखलवाटेवर फोर बाय फोर

पावसाळ्यात डांबरी रस्ता संपून चिखलाची गाडीवाट सुरू झाली की चारही चाकांना जोर देणाऱ्या 'फोर बाय फोर' गाडीचा मोठा आधार वाटतो. तो आधार खरा आहे, पण कुठवर पुरतो हे आधी समजून घ्यायला हवे.

साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. चिखलात ती निसटली की जागच्या जागी फिरत राहतात. जोर चार चाकांत वाटला गेला की एकेका चाकावरचा भार कमी होतो आणि गाडी निघते. ब्रेक मात्र साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबताना फोर बाय फोरला जास्तीचे काहीच मिळत नाही. वळतानाही टायर देईल तेवढीच पकड. शिवाय साध्या गाडीचे चाक घसरून आपल्याला सावध करते. फोर बाय फोर सहज पळते, म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. त्यामुळे चिखलाला लागताच, मागेपुढे कोणी नसताना, सरळ रस्त्यावर अगदी हळू वेगात एकदा ब्रेक दाबून बघावा. पकड निम्मी असेल तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट.

माती ओळखणेही महत्त्वाचे. देशावरची काळी माती भिजली की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होतो. कोकणात जांभ्यावर शेवाळ धरते, सुट्या खड्यांवरून चाक सरकते. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा. चिखलासाठी त्याच्या बऱ्याच आधी.

'ऑल व्हील ड्राइव्ह' गाड्या जोराची वाटणी बहुधा आपोआप करतात. दांडा किंवा बटण असलेल्या अनेक गाड्यांत आपल्याला निवडावे लागते. रोजच्या रस्त्याला 2H (दोनच चाकांना जोर), चिखल-खडीला 4H (चारही चाकांना), खडा चढ-उतार आणि खोल चिखलाला 4L (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर). यांतल्या बहुतेक गाड्यांत 4H घातले की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरतो. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. हा फरक मऊ मातीत चाक किंचित सरकून भरून निघतो. कोरड्या डांबरावर सारा ताण गिअरवर येतो. म्हणून पक्का रस्ता लागताच 2H वर यावे. 4L बहुतेक गाड्यांत गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घालतात. आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत पाहावी.

चिखलात शिरण्याआधीच गिअर ठरवावा. 4H मध्ये बहुधा दुसरा गिअर बरा. अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवावा, मध्येच गिअर बदलू नये. चाके नुसती फिरू लागली तर पाय सैल करावा. जोर वाढवला तर चाक आणखी खोल रुतते. उतारावर 4L आणि पहिला गिअर घालून इंजिनलाच गाडी धरू द्यावी. क्लच दाबला की ही धरच सुटते. गाडी घसरलीच तर अॅक्सिलरेटर सोडावा, नजर जायचे त्या दिशेला ठेवावी आणि स्टिअरिंग हळुवारपणे तिकडेच वळवावे. एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि थांबणे भागच असेल तर ब्रेक दाबून धरावा, पंप करू नये. सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी लांब जाऊन थांबते, म्हणून वेग आधीच कमी हवा. अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण चढावर थांबलेली गाडी निसरड्यात पुन्हा निघणे कठीण.

शेवटी पाण्याबद्दल. साधारण 30 सेंटिमीटर खोल वाहते पाणी लहान मोटार ढकलून नेऊ शकते; 60 सेंटिमीटरपुढे भारी एसयूव्हीही तग धरेल असे नाही. चाकांचा सगळा उपयोग ती जमिनीला घट्ट टेकलेली असेपर्यंतच. पाणी गाडी उचलू लागले की चार चाकांचा जोर आणि दोन चाकांचा जोर सारखाच निरुपयोगी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल तर गाडी तिथेच वळवा. पाणी ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर लांबच्या वाटेने जा. पण त्या पाण्यात गाडी घालू नका.