तापलेले हेड आणि थांबलेला ऊस



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या खेपेस विषय ट्रकचा आहे. शेतात ऊस कितीही चांगला आला तरी गव्हाणीत पडेपर्यंत त्याचा पैसा होत नाही, आणि आपल्या मालेगाव गटात वाहतुकीला लागलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच जुन्या आहेत व सभासदांच्याच आहेत.

मागील हंगामात मेडशीकडच्या फडावरून भरून निघालेला असाच एक जुना टर्बो ट्रक मालेगावच्या अलीकडे बसला. चालक म्हणाला, “साहेब, गाडी पाणी पिऊन रायली.” मिस्त्रीने हेड उतरवले, लेथवर फेस मारून आणले आणि नवी पॅकिंग टाकली. फड थांबला होता, म्हणून मीच मागे लागलो होतो, “आजच्या आज बसवा.” गाडी सतरा दिवस चालली आणि पुन्हा तशीच बसली. या वेळी हेडला तडा निघाला. दोन्ही वेळचा खर्च मालकाच्या अंगावर पडला. ट्रकमध्ये दोन रात्री वाळलेला ऊस ज्याचा होता, त्या शेतकऱ्याचे वजन घटले. त्याचा काय दोष? या प्रकारात माझी घाई होती, म्हणून हे लिहीत आहे.

हेड वाकते कसे?

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत दोन इंजिने जास्त दिसतात. एक टाटाचे ६९७. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला, त्या घराण्यातले हे इंजिन. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मि.मी. दुसरे कमिन्सचे ५.९ लिटरचे. त्यात सहाही सिलिंडरवर एकच सलग हेड असते.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्यामुळे जास्त डिझेल जळते आणि ताकद वाढते. पण त्याबरोबर उष्णता व दाबही वाढतो, आणि दोन्ही हेडलाच सोसावे लागतात.

बीड लोखंडाचे पाऊण मीटर लांबीचे हेड १०० अंशांनी तापले की सुमारे ०.८ मि.मी. लांब होते. सगळे सारखे तापले तर बिघडत नाही. पाणी कमी पडले की मधला भाग जास्त तापतो, कडा बोल्टांनी आवळलेल्या असतात आणि हेडला बाक येतो. तशा गरम हेडवर थंड पाणी ओतले तर वॉल्वच्या सीटांमध्ये तडा जातो.

ओळखावे कसे?

रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येणे, बाहेर गळती नसता पाणी कमी होणे, गाडी थंड असतानाच सुरू केल्याबरोबर पाण्याचे पाइप टणक होणे, ऑइल दुधाळ दिसणे, पांढरा धूर न थांबणे. यांतले एक जरी दिसले तरी “ही खेप टाकून मग बघू” असे म्हणू नये. ती एक खेप पुष्कळदा पॅकिंगच्या खर्चाचा हेडचा खर्च करते.

काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्यावी. पाणी शिल्लक असेल तर चार-पाच मिनिटे रिकामी चालू ठेवावी, म्हणजे इंजिन व टर्बो दोन्ही निवतात. पाणी संपले असेल तर लगेच बंद करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने माणूस भाजतो.

दुरुस्ती की नवे?

हा निर्णय अंदाजाने घेऊ नये, मोजून घ्यावा. हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरवावे. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करावेत. गरम हेड उघडले तर सरळ हेडही वाकते.

पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर खात्रीची सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवावी व खाली फिलर गेज घालून पाहावे. वरच्या ट्रकच्या हेडमध्ये मध्यावर ०.२५ मि.मी. फट होती, म्हणजे वहीचे जेमतेम तीन कागद. तेवढ्यातून गॅस पाण्यात शिरत होता. किती फरक चालतो व किती धातू काढता येतो हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. तोच आकडा धरावा. पट्टी ब्लॉकवरही ठेवावी. ब्लॉक वाकडा असेल तर सरळ हेड बसवून उपयोग नाही.

त्यानंतर तड्याची तपासणी. आमचे चुकले ते इथेच. फेस मारण्यापूर्वी चुंबकीय चाचणी किंवा दाबाने पाण्याची चाचणी करून घ्यावी.

तडा नाही, बाक थोडा आहे आणि जाडी शिल्लक आहे, तर फेस मारावा. त्यानंतर वॉल्व किती आत बसतो व नोझल किती बाहेर येते हे मोजून सीटा दुरुस्त कराव्यात, नाहीतर वॉल्व पिस्टनला लागण्याचा धोका असतो. पूर्वी फेस मारून हेड पातळ झाले असेल किंवा तडा सीटांमधून पाण्याच्या वाटेत गेला असेल तर हेड बदलावे. जुन्या बाजारातले हेड घ्यायचे तर आधी चाचणी, मग पैसे.

बसवताना पॅकिंग नवीच हवी. बोल्टांच्या भोकांतले ऑइल-पाणी काढावे, नाहीतर आवळताना ब्लॉक फुटू शकतो. बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. मिस्त्रीचा हात कितीही सराईत असला तरी टॉर्क पाना वापरायला सांगावे.

मूळ कारण शोधावे

त्या गाडीत हेड दोनदा बसले, पण गाडी तापली का हे पहिल्या वेळी कोणी पाहिले नाही. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ गच्च बसली होती, तर आत बोअरच्या जड पाण्याचा क्षार. म्हणून हंगामात जाळी रोज आतल्या बाजूने बाहेर हवेने साफ करावी. पाण्यात कुलंट घालावे. पंख्याचा पट्टा आणि वॉटर पंप पाहावा. थर्मोस्टॅट काढून फेकू नये. ताकद वाढावी म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू वाढवू नये, त्याने धूर आणि उष्णता दोन्ही वाढतात. दोन धुऱ्यांच्या ट्रकची वजनमर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली, पण त्यामुळे जुन्या गाडीचा रेडिएटर मोठा झालेला नाही. आरसी पुस्तकातले वजनच पाळावे.

शेवटी उसाविषयी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा. पुढे तो वाळतो, जिवाणू लागतात, साखर फुटते आणि उतारा घसरतो. म्हणून गाडी बसली की मिस्त्रीच्या आधी गट कार्यालयाला कळवावे. ऊस दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवू. मग हेड सावकाश उघडा, मोजा आणि तपासा. “आजच्या आज बसवा” असे आता मी तरी म्हणणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी, मालेगाव गट