यंत्राला कोश पाहावयास शिकवितांना

शाळेंत असतांना तीस वर्षें मीं मुलांना कोश पाहावयास शिकविलें. ज्या मुलाला शब्द मुळींच येत नसे तो निमूटपणें कोश उघडी. ज्याला तो येतो असें वाटे तो कधींच उघडीत नसे, आणि बहुतेक चुका या दुसऱ्याच्याच असत. निवृत्तीनंतर अशाच एका विद्यार्थ्याशीं माझी पुन्हां गांठ पडली. हा विद्यार्थी म्हणजे कृत्रिम बुद्धीचा एजंट.

विम्यामुळें 'एजंट' हा शब्द घरोघर परिचित आहे. येथें मात्र सांगितलेलें काम पायरीपायरीनें करणारा, आज्ञावली लिहून ती चालवून पाहणारा संगणकीय कारभारी असा त्याचा अर्थ घ्यावा. माझा नातू त्याच्या साह्यानें एक लहानसा खेळ रचीत आहे. त्यासाठीं तो 'गोडो' नांवाचें गेम इंजिन वापरतो. खेळांतील हालचाल, टक्कर, चित्र, ध्वनि यांची सिद्ध सामग्री पुरविणारें हें इंजिन मूळ अर्जेंटिनांत घडलें व २०१४ सालीं सर्वांना खुलें झालें. त्याची चौथी आवृत्ति मार्च २०२३ मध्यें निघाली आणि तींत पुष्कळ नांवें बदललीं. एजंटाची विद्या पूर्वीं वाचलेल्या मजकुरावर उभी. त्यांत तिसऱ्या आवृत्तीचा मजकूरहि भरपूर. म्हणून तो खुशाल 'कायनेमॅटिक-बॉडी-टू-डी' असें लिही. चौथ्या आवृत्तींत त्याचें नांव 'कॅरॅक्टर-बॉडी-टू-डी' आहे. खेळ अर्थातच सुरू होईना.

गोडोला 'डॉकटूल' ही आज्ञा दिली कीं तें आपले सर्व वर्ग व त्यांच्या क्रिया यांची माहिती फाइलींत लिहून देतें. (वर्ग म्हणजे येथें एका जातीच्या वस्तूंचा सांचा, बाकांचा संबंध नाहीं.) नातवानें त्या फाइलींवर एक शोधसाधन बसविलें: नांव विचारावें, माहिती घ्यावी. अशा साधनासोबत त्याचें वर्णन द्यावें लागतें, आणि एजंट तें वाचूनच साधन केव्हां हातीं घ्यावें हें ठरवितो. "आजोबा, तेवढें वर्णन तुम्ही लिहा," नातू म्हणाला.

मीं लिहिलें, 'या साधनानें गोडोची माहिती मिळते.' वाक्य बिनचूक आणि निरुपयोगी! एजंटानें साधनाला हातहि लावला नाहीं. त्याला सारें येतच होतें ना! मग मीं तें बदललें: 'कोणत्याहि वर्गाचें वा क्रियेचें नांव लिहिण्यापूर्वीं, तें आठवत असलें तरी, येथें पाहावें, आठवण जुन्या आवृत्तीची असूं शकते.' तेव्हां कोठें कोश उघडला.

पण लगेच दुसरी अडचण. त्यानें जुनें नांव विचारलें, साधन म्हणालें, 'सांपडलें नाहीं.' माणूस असता तर क्षणभर थांबला असता. एजंटानें ही सोयच इंजिनांत नाहीं असें ठरवून टकरीचें सारें गणित स्वतः लिहिलें, आणि खेळांतला शिपाई भिंतींतून आरपार जाऊं लागला. नातवाच्या दोन संध्याकाळी फुकट गेल्या. तो खेळ सोडूनच देणार होता. आतां साधन जुन्या नांवापुढें नवें नांव देतें, चुकलेल्या अक्षरांपुढें जवळचीं नांवें देतें, आणि 'न सांपडणें म्हणजे सोय नसणें नव्हे' हें वर्णनांत स्पष्ट आहे. 'पोझिशन' हा गुणधर्म शिपायाच्या वर्गाच्या पानावर नाहीं, त्याच्या पूर्वज वर्गाकडे आहे. म्हणून शोध पूर्वजांपर्यंत जातो कीं नाहीं, हेंहि लिहावें लागलें.

सर्वांत फसवें नांव जें बदललेंच नाहीं तें. संस्कृतांत 'शिक्षा' म्हणजे शिकवण. मराठींत तिचा अर्थ दंड झाला. शब्द तोच! गोडोंतील 'मूव्ह-अँड-स्लाइड' ही क्रिया तशीच आहे. तिसऱ्या आवृत्तींत तिच्या कंसांत वेग द्यावा लागे, आणि टकरीनंतर उरलेला वेग ती परत देई. चौथींत वेग आधींच 'व्हेलॉसिटी' या गुणधर्मांत ठेवावयाचा, कंस रिकामा सोडावयाचा. परत मिळतें तें फक्त टक्कर झाली कीं नाहीं इतकेंच. केवळ नांव शोधणारें साधन येथें 'आहे' म्हणून सांगतें आणि एजंट निर्धास्तपणें चुकतो. यासाठीं प्रत्येक उत्तरांत क्रियेला काय द्यावयाचें, ती काय परत देते, आणि पहिल्याच ओळींत आवृत्तीचा क्रमांक, असा मीं आग्रह धरला. नातवाला ती ओळ जागेचा अपव्यय वाटली.

पुढें त्यानें इंजिन ४.३ वरून ४.४ वर नेलें, पण 'डॉकटूल' पुन्हां चालवावयास विसरला. एजंटानें वर्ग विचारला, उत्तराची पहिली ओळ वाचली, आणि प्रथमच काम थांबवून प्रश्न केला: प्रकल्पाच्या फाइलींत ४.४ आहे, साधन ४.३ म्हणतें, कोणावर विश्वास ठेवूं?