घर सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून?

रात्री मार खाऊन बाई पोरांना घेऊन माहेरी येते. सकाळी नातेवाईक जमतात, आणि कुणीतरी म्हणतंच, “घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?” कौटुंबिक हिंसाचाराबद्दलचा हा मला सर्वांत घातक वाटणारा गैरसमज. हक्क नाही असं मानून बाई मुकाट्यानं उंबरा सोडते, नाहीतर मुकाट्यानं मार खात राहते.

महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. सातबारा किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्याही नावावर असो, या कायद्याच्या कलम १७ नुसार कौटुंबिक नात्यातल्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. मधली काही वर्षं हा हक्क पातळ झाला होता, कारण सासूच्या मालकीचं घर ‘सामायिक’ नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो मोडीत काढला. यातून मालकी मिळत नाही, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय पाहतं. पण मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराची, भाड्याची सोय करायला लावू शकतात. सासू-नणंदेला घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र देता येत नाही. स्त्रीविरुद्ध तसा आदेश द्यायला कायद्यानंच मनाई केली आहे.

“तक्रार केली की नवरा आत जाईल, संसार मोडेल,” ही दुसरी भीती. इथे दोन कायद्यांची गल्लत होते. लोकांच्या तोंडी असलेलं ‘४९८’ १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. तो फौजदारी गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यातही सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलं आहे. २००५ च्या कायद्यात पहिली मागणी तुरुंगाची नसतेच. मार थांबवा, घरात राहू द्या, खर्च द्या, मुलांचा ताबा द्या, स्त्रीधन परत करा, असा तो अर्ज असतो. संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अंगावर वळ हवेत, असंही नाही. पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, तिचे दागिने परस्पर विकणं ही आर्थिक हिंसा. मूल होत नाही किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं, याचा तर कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि दाद फक्त बायकोलाच मागता येते असं नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहिलेली स्त्रीही मागू शकते.

हे सगळं दारुड्यांच्या वस्तीत होतं, असं मानणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे पाहावेत. देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. इतक्या घरांवर एकाच वस्तीचं नाव कसं लिहिणार?

पोलीस ठाण्यात एनसी नोंदवून परत पाठवलं, तरी वाट संपत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, तेही माहेरच्या गावच्या कोर्टात. विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना वकील फुकट देतं, उत्पन्नाची अट नाही. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागावा. निकड पटली तर तो नवऱ्याच्या गैरहजेरीतही मिळतो. आणि भिंतीपलीकडून आवाज ऐकणाऱ्या शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक त्याच्याही फोनवरून लागतो.